धुतलेली गाडी

‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, शोरूम मेंटेन्ड.’ पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक दुसरी एसयूव्ही डॉक्टरांचीच कशी असते, कोण जाणे. बघायला जावं तर ती नुकतीच धुऊन, टायरना पॉलिश मारून उभी केलेली. आत लिंबाचा वास. हा वास जरा जास्तच येत असेल, तर नाक कार्पेटपाशी न्यायचं. ओल मुरली असेल तर तिथे कुबट वास लपत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या गाड्या एकमेकींवर जाऊन पडल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. बुडालेल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात जात नाहीत. म्हणून सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून बघायचा. धुणारा हातभर पट्टा पुसतो, गुंडाळीत राहिलेला भाग विसरतो, आणि चिखलाची रेघ नेमकी तिथे सापडते. मग सीट पुढे-मागे सरकवून रुळांचे बोल्ट गंजलेत का, ते बघायचं. पाणी लागलेल्या वायरिंगची गंमत अशी, की आज सगळे दिवे नीट लागतात. कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडत जातात आणि काही महिन्यांनी कधी पॉवर विंडो बंद, कधी एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा चालू.

ठोकलेली गाडी ओळखायला बोनेट आणि फेंडरचे बोल्ट पुरतात. रंग अखंड असला पाहिजे, पान्याने उडालेला नको. बंपर किंवा फेंडर बदलला असेल तर मनावर घेऊ नये. लक्ष्मी रस्त्यावर वर्षानुवर्षं फिरून एकही ओरखडा नसलेल्या गाडीचाच संशय यावा. दाराचं रबर खेचून पिलर, म्हणजे छत पेलणारा खांब, मात्र बघायचा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल, एकसारख्या अंतरावर असतात. तिथे पुट्टी किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं, तर चहा पिऊन निघायचं. चॅसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यालाच, जोड असेल तर चहाही नको.

इंजिन थंड हवं. ‘आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका’ असं फोनवरच सांगावं आणि गेल्यागेल्या बोनेटवर हात ठेवावा. डिझेल गाडी चालू असताना ऑइलचं झाकण सोडवून तिथेच उलटं ठेवायचं. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धुराचे भपकारे आले तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता.

एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ या प्रदूषण-निकषांची डिझेल असेल तर ती कुठे चालली, हे विचारायचं. कर्वे रस्ता ते ऑफिस एवढंच आयुष्य काढलेल्या गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरतो. काजळी जाळायला लागणारं तापमान सिग्नल-टू-सिग्नल गाडीला मिळतच नाही. स्कॅनर लावणारा मेकॅनिक बरोबर असावा. गाडीच्या कॉम्प्युटरमधून पुसलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुन्हा येतात का, ते चालवून आल्यावर कळतं.

चालवायची ती कात्रजच्या जुन्या घाटात. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. आरपीएम चढतो, वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. त्याच चढावर तापमानाचा काटा वर सरकला तर रेडिएटर किंवा वॉटर पंप बघावा लागेल. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं, की डिस्कचा खर्च धरायचा. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर तिचा फोर-लो, म्हणजे कमी वेगाचा जास्त जोराचा गिअर, घाटात नाही, कच्च्या मोकळ्या जागेत टाकून बघायचा.

कागदांत आरसीवर कर्जाचा बोजा दिसतो का, ते बघायचं. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ई-चलान आधी भरून घ्यायची. गेल्या वर्षीची आणि चालू, अशा दोन्ही विमा पॉलिसी मागाव्यात. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला असेल, तर बहुधा क्लेम झालाय. कशाचा, ते डॉक्टरांनाच विचारायचं.