पेढा का घेतला नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लक्ष्मी मंडईत मेथीची जुडी बघताना विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत. कंबर तलावावर फिरायला गेलं की दर आठवड्याला कुणी ना कुणी गाठतंच, “मॅडम, सर निर्दोष सुटले की ओ! मग तुम्ही पेढा का घेतला नाहीत?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांवर एका विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याचा गुन्हा दाखल झाला. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागला. सर काही आठवडे आत होते, मग जामीन, निलंबन, निम्म्या पगारात घर चालवणं. खटला काही वर्षं चालला आणि न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. साल, शाळा, पेठ यातलं काहीच सांगणार नाही. मुलीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि सोलापुरात शाळेचं नाव घेतलं की मुलगी कोण हे कळायला चहा गार व्हायचाही अवकाश लागत नाही.

आधी एक सांगून टाकते. त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. सरांबरोबर अठरा वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्ला. मुलगी माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर बसायची, निबंधात समास सोडायला कायम विसरायची. “तुम्हाला आतून काय वाटतं?” असंही तुम्ही विचारता. आतून जे वाटतं ते इतक्या वर्षांत कितीदा बदललंय, म्हणून ते मी कुणाला सांगत नाही.

निकालाच्या संध्याकाळी शाळेच्या गेटसमोर हलग्या वाजल्या. माजी विद्यार्थ्यांनी सरांना हार घातले, फटाक्यांची माळ लावली, दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल फलक लागला. रात्री पेढ्यांचा बॉक्स घेऊन एक जण माझ्याकडे आला. मी दहावीला शिकवलेला, चांगला मुलगा आहे. बॉक्स पुढे करत म्हणाला, “घ्या मॅडम, पोरगी खोटी ठरली.”

मी उचललेला पेढा परत ठेवला. तो “सर सुटले” एवढंच म्हणाला असता तर मी घेतला असता. खरंच घेतला असता. एका माणसामागचं कोर्ट संपलं याचा आनंद मलाही होता. पण पेढा त्या वाक्याचा होता, आणि ते वाक्य न्यायालयानं म्हटलेलंच नव्हतं.

उलट बाजूचेही भेटतात. “पैसे चारले”, “साक्षीदार फोडले”, “सगळं मॅनेज झालं”. त्यांना मी दरवेळी विचारते, तुमच्याकडे काय आहे? काहीही नसतं. ऐकलेलं असतं. पुरावा नसताना सरांना दोषी म्हणणं हाही अन्यायच आहे, आणि तो मी जवळून पाहिलाय. सरांच्या पत्नीला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेचे नंदीध्वज निघायचे, अख्खं गाव रस्त्यावर असायचं आणि त्या बाई गच्चीवर उभ्या राहून आवाज ऐकायच्या. लेकीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. सर सुटल्यावर यातलं काहीच कुणी परत आणून दिलं नाही. ज्यांनी हार घातले त्यातल्या कितीजणांनी खटला चालू असताना त्यांच्या दाराची कडी वाजवली होती, तेही मला माहीत आहे. सर दिसले की मी थांबून नमस्कार करते, बोलते. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष आहेत आणि माझ्या वागण्यातही तसंच राहणार.

माझ्या नात्यात एक वकील आहेत. ते म्हणाले, “ताई, पोक्सोत तर कलम 29 नं आरोपीच दोषी आहे असं गृहीत धरून चालतात. तरी सुटले म्हणजे बघा!” मग मीही वाचायला बसले. ते गृहीतक आपोआप लागू होत नाही. मुळातली घटना आधी सरकार पक्षाला पुराव्यानं उभी करावी लागते, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलंय. ती उभी राहिली नाही की आरोपी सुटतो, आणि सुटायलाच हवा. पण उभी न राहण्याची कारणं अनेक असतात. 2012 च्या याच कायद्यात मुलाची साक्ष 30 दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं लिहिलंय. इथं मुलगी शाळेच्या गणवेशात जबाब देऊन आली आणि कोर्टात साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा कॉलेजात होती. तुम्ही आठवीत असताना एका विशिष्ट मंगळवारी तिसरा तास होता की चौथा, हे आज शपथेवर सांगू शकाल?

“मग त्या मुलीवरच केस करा” असंही पुष्कळ जण म्हणाले. खोट्या तक्रारीसाठी या कायद्यात कलम 22 आहे, पण मुलानं केलेल्या तक्रारीसाठी मुलाला शिक्षा करता येत नाही, हे त्याच कलमात आहे. शिवाय खोटी तक्रार आणि सिद्ध न झालेली तक्रार या दोन गोष्टी आहेत. आणि “सन्मानपूर्वक निर्दोष” हा जो शब्द फलकावर मोठ्या अक्षरात होता, तो तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कुठंच नव्हता, न्यायालयांच्या निकालांतून तो रूढ झालाय, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये म्हटलंय.

मथुरा प्रकरण आठवा. 1972 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. 1974 मध्ये सत्र न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं आणि तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये पुन्हा सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि त्यातून उठलेल्या चळवळीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला. आमचं प्रकरण तसंच आहे असं मी म्हणत नाही. आरोपी सुटला की मुलगी खोटी, ही सवय आपल्याकडे किती जुनी आहे एवढंच सांगायचंय.

आता मुख्य गोष्ट. निकालानंतर पंधरा-वीस दिवसांनी मुलीच्या आईचा निरोप आला म्हणून मी पूर्व भागात त्यांच्या घरी गेले. एका खोलीचं घर. आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मी आले म्हणून हात थांबले नाहीत. थांबवून चालत नाही, हजार विड्या भरल्या तर दिवसाची मजुरी. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला ती मजुरी बुडाली होती. पत्र्याचं माप ठेवून कातरीनं पान कापलं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. दोरा दातात धरून मानेनंच तिनं देव्हाऱ्याखालच्या पिशवीकडे खुणावलं.

पिशवीत निकालाची प्रत होती. इंग्रजीत, 45 पानं. तिला तेलुगू येतं, मराठी बोलता येतं, इंग्रजी कुठून येणार?

“टीचर,” ती म्हणाली, “आमची पोरगी खोटी असं कुठं लिवलंय तेवढं दाखवा.”

मी पहिल्या पानापासून वाचत गेले, मराठीत सांगत गेले. फिर्याद उशिरा दिली. तारखेत विसंगती. मैत्रिणीनं आधी दिलेला जबाब साक्षीत फिरवला. शाळेचं हजेरीपत्रक मिळालं नाही. शेवटी, संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता. “खोटी” हा शब्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाही. मी पुन्हा एकदा चाळलं, कारण तिचा विश्वास बसेना. तेव्हा पहिल्यांदा तिचे हात थांबले.

“मग फटाके कशाचे ओ टीचर?”

मला उत्तर देता आलं नाही. अपिलाचं सांगितलं, 2009 पासून पीडितालाही निकालाविरुद्ध अपील करता येतं. तिनं मान हलवली. मुलगी आता दुसऱ्या गावी नर्सिंग शिकते, तिला पुन्हा त्या पिंजऱ्यात उभी करायची नाही म्हणाली.

निघताना तिनं त्याच पिशवीतून आणखी एक कागद काढला. शाळा सोडल्याचा दाखला. गुन्हा दाखल झाल्यावर महिन्याभरात मुलीनं शाळा बदलली होती, तेव्हाचा. “हे पण बघा. हितं सगळ्यांचं चांगली लिवतेत म्हणं.” ‘वर्तणूक’ या रकान्यात आडवी रेघ होती. नुसती रेघ. आमच्या शाळेत माझ्या आठवणीत एकाही मुलाच्या दाखल्यावर त्या रकान्यात ‘चांगली’ सोडून काही लिहिलेलं नाही. कॉपी करताना पकडलेल्यांच्याही नाही. खाली तीन सह्या. लेखनिकाची, मुख्याध्यापकांची, आणि वर्गशिक्षक म्हणून माझी.

मी न वाचता सही केली होती. तेव्हा ऑफिसात कुणी हळू आवाजात म्हणालं होतं, “मॅडम, लवकर करा, आई बाहेर उभीय”, आणि मलाही ती लवकर जावी असंच वाटलं होतं. हलग्या वाजवणारी मुलं निकालानंतर जे म्हणाली ते आम्ही कोर्टाच्या कितीतरी आधी, एका रेघेत लिहून मोकळे झालो होतो.

दाखला दुरुस्तीसाठी मी अर्ज केलाय. पहिल्यांदा गेले तेव्हा जुनं रजिस्टर काढावं लागेल म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, एवढ्याशा रकान्यानं काय बिघडतं, आता सगळं मिटलंय ना. सोमवारी पुन्हा जाणार आहे, येताना तो दाखला घेऊनच येणार.