पुगाच्या झऱ्यावर तापमापी

चाळीस मिनिटं पातेल्यात खदखदलेली तूरडाळ मी बोटांत धरून चेपली. वरून मऊ झाली होती, पण आत कणी तशीच टणक. पाणी दोनदा आटलं, दोनदा ओतलं. वाफ खिडकीच्या काचेवर जमून खाली ओघळत होती. डोळ्यांना दिसत होतं ते सगळं ‘डाळ शिजतेय’ असंच सांगत होतं.

हे लडाखमधल्या त्सो मोरिरी सरोवराच्या काठावरचं कोरझोक गाव, उंची साडेचार हजार मीटरच्या वर. आम्ही चौघी मैत्रिणी सांगलीहून निघालो होतो. लेहमध्ये दोन दिवस नुसता आराम केला, शरीराला विरळ हवेची सवय होऊ दिली आणि मग सिंधूच्या काठाकाठाने इथवर आलो. आठ दिवस वरणभात मिळाला नव्हता, म्हणून घरून आणलेली डाळ काढली. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या अमा-लेंनी (लडाखीत आईला असं आदराने म्हणतात) शेगडी मोकळी करून दिली.

मी आच वाढवायला हात पुढे केला, तशी त्यांनी मान हलवली. “तेज करने से क्या होगा? पानी खाली हो जाएगा.”

बावीस वर्षं मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. हेच वाक्य मी वर्गात वेगळ्या शब्दांत किती वेळा सांगितलं असेल! पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान वाढत नाही. जास्तीची उष्णता फक्त वाफ करण्यात जाते. म्हणजे मोठ्या आचेवर डाळ लवकर शिजत नाही, पाणी मात्र लवकर आटतं. आणि लेहहून गाडीत घालून आणलेला सिलेंडर संपतो, हे अमा-लेंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सोबत स्वयंपाकातला सुईसारखा डिजिटल तापमापी आणला होता. तो पातेल्यात धरला. आकडा 85 वर थांबला.

पाण्याचे कण वाफ होऊन सुटायला सतत धडपडत असतात आणि वरून हवा त्यांना दाबून धरते. वाफेचा जोर हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटात बुडबुडे तग धरू लागतात. तेच उकळणं. कोरझोकला हवेचा दाब समुद्रकाठच्या 57-58 टक्केच उरतो, त्यामुळे वाफेला तेवढा जोर 85 अंशांनाच येतो. आम्ही पाठ करतो तो 100 हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. साडेपाचशे मीटरवरच्या आमच्या सांगलीतही पाणी 98 च्या आसपास उकळतं. ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटर चढलं की एक अंश कमी.

शाळेत हे दाखवायला आम्ही चंबूत पाणी उकळतो, बूच घट्ट लावून चंबू आचेवरून काढतो, उलटा धरतो आणि त्यावर गार पाणी ओततो. आतली वाफ थिजते, दाब उतरतो आणि कोमट होत चाललेलं पाणी पुन्हा खळखळतं. मुलं दरवेळी ओरडतात. इथे आमच्याभोवती सगळं गावच त्या चंबूत होतं.

अमा-लेंनी डाळ कुकरमध्ये ओतली. शिट्टीचं वजन आतल्या दाबात साधारण समुद्रकाठच्या हवेच्या दाबाइतकी भर घालू देतं आणि मगच उचललं जातं. समुद्रकाठी त्यामुळे आतलं पाणी 121 अंशांपर्यंत तापतं. कोरझोकला मुळातला बाहेरचाच दाब कमी, म्हणून तेच कुकर 113 च्या आसपास पोचतं. घरी तीन शिट्ट्यांत होणाऱ्या वरणाला इथे सात लागल्या. पण झालं, आणि हिंग-जिऱ्याची फोडणी पडल्यावर घरभर जो वास सुटला तो मी विसरणार नाही.

सकाळी त्यांनी वाडग्यात लोणी घातलेला खारा चहा दिला आणि त्यात भाजलेल्या जवाचं पीठ कालवायला लावलं. त्साम्पा म्हणतात त्याला, आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भाजताना उकळत्या पाण्याची मर्यादाच आड येत नाही. कोरड्या कढईला 85 चं बंधन नाही. धान्य एकदा खाली चांगलं भाजून घेतलं की कुठल्याही उंचीवर नुसतं कालवून खाता येतं. कुकर येण्याआधीच्या कितीतरी पिढ्या या पिठावर जगल्या.

उंची वाढली की पाणी कमी अंशांवर उकळतं, या गुणाचा उपयोग करून माणसांनी डोंगर मोजलेत. ब्रिटिश भारताच्या सर्वेक्षण खात्यासाठी गुपचूप मोजणी करणारे, कुमाऊंमधल्या मिलमचे नैनसिंह रावत 1866 च्या जानेवारीत वेश पालटून ल्हासाला पोचले. काठीच्या पोकळीत तापमापी आणि पावलं मोजायला 108 ऐवजी 100 मण्यांची माळ. पाणी उकळायचं, आकडा बघायचा आणि त्यावरून गावाची उंची काढायची. 1874 मध्ये ते पुन्हा निघाले, ते याच लेहहून. पकडले गेले असते तर जिवावर बेतलं असतं. चहाला पाणी ठेवल्यासारखं करून तापमापीवर डोळा ठेवणारा हा माणूस मला त्या प्रवासात रोज आठवत होता.

परतताना सुमदोहून पुगाच्या खोऱ्यात वळलो. गंधकाचा वास गाडीतच आला. जमिनीवर पांढरे-पिवळे थर साचलेले. पांढरा तो बहुतेक टाकणखार (बोरॅक्स), एके काळी इथून तो बाहेर जायचा. ओढ्याकाठी ठिकठिकाणी वाफा. एका खळग्यात तर पाणी दोन विती उंच उसळत होतं, जमिनीखाली कुणी चूल पेटवल्यासारखं. खाली खोलवर तेच पाणी शंभराच्या बरंच वर तापलेलं असतं, पण डोक्यावरच्या दाबामुळे द्रवच राहतं. वर येताना दाब सुटतो आणि ते उकळत बाहेर पडतं.

खोऱ्यात चांगपा पशुपालकांच्या मुलांची निवासी शाळा आहे. तिथली दोन मुलं आमच्यामागे आली होती. दहा-बारा वर्षांची, गाल उन्हाने करपलेले. मी सवयीने विचारलं, पाणी किती अंशांवर उकळतं?

“सौ डिग्री!” दोघंही एका दमात.

त्यांच्या पाठीशी झरा खळखळत होता. मला फार वाईट वाटलं. पुस्तकातलं उत्तर त्यांनी चोख दिलं होतं, आणि ते पुस्तक त्यांच्या गावाचं नव्हतं. माझ्या वर्गातही मी ‘समुद्रसपाटीला’ हा शब्द कितीदा गाळला असेल.

तापमापी काठीला बांधून मोठ्याच्या हातात दिली आणि लांबूनच धरायला सांगितलं. आकडा भराभर चढला आणि 84 वर अडला. पुगा कोरझोकपेक्षा थोडं खालीच, पण पाणी उघड्यावर येताच वारं त्यातला अंशभर काढून घेतं.

“अभी और चढ़ेगा,” तो म्हणाला.

आम्ही थांबलो. मिनिट, दोन मिनिटं. आकडा हलला नाही.

“तो सौ कहाँ होता है?”

“समुंदर के पास.”

त्याने जरा विचार केला. “वहाँ का पानी अलग है?”

“पानी यही है. हवा ज़्यादा है.”

त्याने वर पाहिलं, आभाळाकडे. मग काठी तशीच धरून पुढच्या झऱ्याकडे पळाला. तिथून त्याची हाक आली, “यहाँ भी चौरासी!”