नागपुरात पॅनकेक शोधताना वाटेत तर्री लागते

पॅनकेक खायचा असला तरी नागपुरात सकाळी सातलाच बाहेर पडावं. कॅफेचं शटर बहुधा दहाच्या आधी वर जात नाही आणि तोवर पोह्यांचा चांगला भाग संपलेला असतो. मे महिन्यात तर दुसरा इलाजच नाही. पारा ४५ च्या आसपास असतो, अकरानंतर रस्त्यावर उभं राहून खाणं ही शिक्षाच. थंडीत मात्र साडेआठपर्यंत लोळलं तरी चालतं.

सुरुवात केपीपासून. कस्तुरचंद पार्कला इथं कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. मेट्रोनं येणार असाल तर सीताबर्डीला ऑरेंज लाइन धरा, झिरो माईलनंतर कस्तुरचंद पार्क. तर्री पोह्यांची, म्हणजे हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्यासोबतच्या पोह्यांची, गाडी निवडताना गर्दीआधी परात पाहावी. जाड पोहे धुऊन, निथळून परातीत ढीग केलेले असतात आणि परात वाफेवर ठेवलेली असते. ही वाफ महत्त्वाची. तिच्यामुळे पोहे तासभर मऊ राहतात. परात नुसत्या आचेवर असेल तर खालचा थर कडक होतो आणि वरचा गार. दाणे सुटे हवेत. चमच्याला गोळा येत असेल तर पोहे पाण्यात जास्त वेळ राहिले आहेत, पुढची गाडी बघा.

तर्रीचं गणित घड्याळाशी बांधलेलं आहे. काळे हरभरे रात्रभर भिजवून शिजवलेले, कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, वर मिरचीच्या तेलाचा तवंग. पातेलं सकाळभर आचेवर असल्यामुळे रस्सा आटत जातो आणि खारट होतो. मग वरून गरम पाणी ओतलं जातं. गंमत अशी की रंग मात्र फिका पडत नाही, कारण मिरचीचा रंग तेलात उतरलेला असतो आणि तेल वरच तरंगतं. लालभडक दिसणाऱ्या पातेल्यात खाली नुसतं मसाल्याचं पाणी असू शकतं. डाव तळापासून ढवळून वाढतात की वरवर फिरवतात, ते बघावं. माझ्या मते साडेसात ते साडेआठ ही योग्य वेळ. हरभरा तोपर्यंत मसाला प्यायलेला असतो, पाणी अजून पडलेलं नसतं.

“भाऊ, तर्री वेगळी द्या,” एवढं म्हटलं की अर्धं काम झालं. ओतलेली तर्री तीन-चार मिनिटांत पोह्यांचा लगदा करते. वेगळी घेतली तर घास-घास भिजवून खाता येतं. कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा आणि लिंबू, तेही शेवटी. “सांबार टाकू का?” असं विचारलं तर दचकू नका. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

पोट इथेच भरू नये. पुढे धिरडं आणि पॅनकेक यांची खरी भावकी आहे आणि ती तव्यावरच कळते.

नाश्त्याच्या गाड्यांवर मुगाचा चिला, म्हणजे मुगाचं धिरडं, मिळतो, तो उभ्याउभ्या खावा. सालीची मूगडाळ पाच-सहा तास भिजवलेली, आलं, हिरवी मिरची आणि जिऱ्यासोबत वाटलेली. एक वाटी डाळीला दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं तर कड कुरकुरीत होते. जास्त घातलं तर चिला दुमडताना तडकतो. फसतं ते बहुतेक वेळा पसरवताना. तवा फार तापलेला असेल तर पीठ पडल्या पडल्या धरतं आणि वाटी फिरवताच वाटीबरोबर उचललं जातं. म्हणून मुरलेला गाडीवाला प्रत्येक चिल्याआधी तव्यावर पाण्याचा हबका मारतो, पुसतो, अर्ध्या कांद्यानं तेल फिरवतो आणि मग पीठ घालतो. असा हबका दिसला की थांबा. तो दिसला नाही तर चिला एकीकडे जाड, दुसरीकडे जाळी असाच मिळणार.

उडदा-तांदळाच्या पिठाच्या पदार्थांना ऋतूचा हिशेब आहे. इथल्या उन्हाळ्यात पीठ पाच-सहा तासांत आंबतं आणि दुपारपर्यंत कडक आंबट होतं. डिसेंबरात तेच पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही. उन्हाळ्यात डोसा सकाळीच खावा.

आता पॅनकेक. सीताबर्डीला बदलून अॅक्वा लाइननं शंकरनगर चौकाला उतरा आणि धरमपेठ, गोकुळपेठेकडे चालत जा. कॅफे या भागात आहेत, सदर आणि रामदासपेठेतही आहेत. नावं देत नाही. स्वयंपाकी बदलला की चव बदलते, फळ्यावरची पाटी मात्र तीच राहते. त्यापेक्षा काय विचारायचं ते सांगतो.

पहिला प्रश्न: अंड्याचा की बिनअंड्याचा? बिनअंड्याचा वाईट नसतो, पण त्यात दही किंवा ताक आणि सोडा असतो. सोडा आंबटाला भेटला की लगेच वायू सोडतो. पीठ सकाळी कालवून ठेवलं असेल तर बाराच्या ऑर्डरपर्यंत फुगवणारं काही उरलेलंच नसतं, म्हणून ताटात चपटी, चिवट चकती येते. बेकिंग पावडर थोडी दमदार, कारण तिचा काही वायू पीठ ओलं होताना सुटतो आणि उरलेला तव्याच्या उष्णतेनं. तिलाही मर्यादा आहेच. पीठ कधी कालवलं, हे विचारायला लाजू नये.

दुसरी खूण चाव्यात. रबरासारखा लागला तर पीठ जास्त फेटलं आहे. मैद्यात पाणी गेलं आणि ढवळत राहिलं की ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी घट्ट होते. घरी करून पाहायचा असेल तर एक कप मैदा, एक कप ताक, एक अंडं, दोन मोठे चमचे पातळ लोणी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ. दहा-बारा वेळा ढवळायचं, गुठळ्या राहू द्यायच्या, पाच-दहा मिनिटं ठेवायचं. मध्यम आचेवर बुडबुडे फुटून त्यांची भोकं उघडीच राहिली की उलटायचं, एकदाच. वरून उलथण्यानं दाबणं म्हणजे आतला वायू हातानं बाहेर काढणं. पहिला नग जवळजवळ नेहमी बिघडतो. तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि लोणी डबकं करून बसलेलं असतं. तो करणाऱ्यानं खावा.

तिसरी गोष्ट सिरप. एक लिटर मेपल सिरपसाठी झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो, त्यामुळे ते महागच असणार. स्वस्तात मिळणारं बहुतेक मक्याचं सिरप असतं, रंग आणि वास घातलेलं. अस्सल पातळ असतं, पटकन पॅनकेकमध्ये मुरतं. नक्कल मधासारखी जड, वरच बसते. साखरेच्या पाकापेक्षा मग पातळ केलेला गूळ आणि तूप मागून पाहा. मिळालं तर नशीब.

ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, संत्री बाजारात असतात. तेव्हा पॅनकेकवर ताज्या फोडी मागाव्यात, बिया आणि पांढरे धागे काढलेल्या. संत्र्याचा रस फार उकळला की कडवट होतो. म्हणून “ऑरेंज सॉस” असं लिहिलेलं असेल तर आधी चमचाभर चाखून बघावा.

जपानी पद्धतीचे उंच सूफ्ले पॅनकेक कुठे दिसले तर घाई असताना मागवू नका. अंड्याचा पांढरा वेगळा फेटून, झाकण ठेवून मंद आचेवर ते बारा-पंधरा मिनिटं घेतात आणि ताटात आल्यावर काही मिनिटांत खचतात. मोबाइल आधी बाहेर काढलात तर फोटो उंच येईल, घास बुटका.

शेवट लंबी रोटीनं, जी दुपारकडे सरकणारी गोष्ट आहे. उलट्या मडक्यावर, खाली लाकडाचा जाळ. इथं सगळा नियम उलटा: कणीक सैल भिजवून परातीत पाणी लावत आपटत, ताणत राहायची, हात भरून येईपर्यंत. पॅनकेकवाला ज्या ग्लूटेनला घाबरतो तेच इथं हवं. ते नसतं तर हातावर झुलवताना रोटी कोपरापर्यंत लांबलीच नसती, फाटली असती. मडक्यावर पडल्यावर ती मिनिटभरात भाजते. सावजी, म्हणजे नागपुरी तिखट मसाल्याच्या, रश्श्यासोबत लगेच खावी. बांधून न्यायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळा. पिशवीत तिला घाम सुटतो आणि घरी पोचेपर्यंत घड्या एकमेकींना चिकटतात.