एवढा चिखल मोकळा आहे, मग तिथे कांदळ (मॅन्ग्रोव्ह) का लावत नाही?

कांदळवन कुठे वाढवता येईल याचे मी नकाशे करतो हे कळलं की कोकणातला माणूस हमखास विचारतो, "खाडीत एवढा चिखल मोकळा पडलाय, तुमच्या उपग्रहाला दिसत नाही का? लावा की तिथे कांदळ!"

दिसतो. पण ओहोटीला उघडा पडणारा तो खालचा चिखल मी जागांच्या यादीतून आधी काढतो. कांदळवन वाढतं ते मध्यम समुद्रपातळीच्या वर, उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, रेषेच्या आत. त्याखाली लावलेलं रोप बराच वेळ पाण्याखाली राहून मरतं; फिलिपिन्समध्ये अशा चिखलपट्ट्यांवरची कितीतरी लागवड वाया गेली. शिवाय तो चिखल तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) आणि निवट्यांचा (चिखलातल्या माशांचा) असतो. ठाण्याच्या खाडीत तर रोहित पक्ष्यांचाही.

खरी गोम उंचीची. वीतभर वर-खाली झालं तरी कुठलं झाड टिकेल ते बदलतं, आणि फुकट मिळणाऱ्या उपग्रही उंचीत चूक असते मीटरांत. म्हणून वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत पाणी कुठवर चढलंय ते बघून उंची काढतो. त्यातही मेख आहे. सेंटिनेल-२ हा उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास येतो. कोळ्यांचा हिशोब ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अमावास्येचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाला हा येतो तेव्हा खाडी तुडुंब. अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते, पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीची, अर्धीमुर्धी. उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा तळ त्याला दिसतच नाही!

मग मी शोधतो काय? जुने बांध. भातासाठी खारं पाणी अडवून केलेली, आता पडीक असलेली खारभूमी. लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या चित्रांत एखाद्या बांधाला खांड पडलेली सापडते आणि पुढच्या काही वर्षांत त्या खांडीपासून आत तिवर-चिपी ही कांदळाची झाडं पसरत गेलेली दिसतात. लावलेली कुणीच नसतात, बी भरतीबरोबर येतं. शेजारीच, त्याच उंचीवर, पण पाणी अजून बंद असलेलं खाजण (अशीच बांध घातलेली खारजमीन) दिसलं की ते माझ्या यादीत वर. तिथे रोपांपेक्षा पाण्याला वाट हवी असते.

नंतर येतो सातबारा. नकाशावर एक तुकडा, उताऱ्यावर नावांची रांग, त्यातली निम्मी मंडळी मुंबईला. कांदळ उगवलं की खाजगी जमिनीतही तोडायला बंदी, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि पलीकडे अजून भात लावणारा विचारतो, "पाणी आत घेतलंत तर माझ्या शेताचं काय?" त्याच्या बांधाची उंची आणि उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप नीट बसते का, हे उधाणाच्या दिवशी बांधावर जाऊनच बघतो. त्याचा बांध कच्चा निघाला तर ती जागा मी सोडून देतो, नकाशात कितीही चांगली दिसली तरी.