डाळ मिलसाठी पीएमएफएमईचं अनुदान : शेतकरी कंपनी, बचत गट आणि बँक यांची मोट बांधतानाचा अनुभव

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने तुरीची डाळ मिल उभारली. त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून, म्हणजे पीएमएफएमईमधून अनुदान घेतलं. तूर सभासदांची, पॅकिंग आणि किरकोळ विक्री गावच्या महिला बचत गटांची, मिल कंपनीची आणि कर्ज बँकेचं. अशी भागीदारी करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळी प्रक्रिया इथे मांडतो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे अनुदान हातात पडत नाही. योजना 2020 साली आली. गटांना, म्हणजे शेतकरी कंपन्या, बचत गट यांना, पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे, कमाल मर्यादा 3 कोटी. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे. बँकेने कर्ज मंजूर केलं नाही, तर अनुदानाचा प्रश्नच येत नाही. कर्ज वाटल्यावर अनुदानाची रक्कम बँकेत तुमच्या नावाने वेगळी ठेवली जाते. त्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि मिल चालू असली, तरच ती कर्जात कायमची जमा होते.

आकड्यात मांडलं की नीट कळतं. समजा, प्रकल्प 60 लाखांचा आहे. स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के, म्हणजे 6 लाख. उरलेले 54 लाख कर्ज. अनुदान 21 लाख, म्हणजे खऱ्या अर्थाने व्याज 33 लाखांवर. पण अनुदान येईपर्यंत व्याज पूर्ण 54 लाखांवर चालतं. व्याजदर 11 टक्के धरला, तर त्या 21 लाखांचं व्याज महिन्याला 19,250 रुपये होतं. अनुदान यायला जितके महिने लागतील, तितके महिने हा भार सोसायची तयारी प्रकल्प अहवालातच दिसली पाहिजे. बहुतेक तयार अहवालांत अनुदान पहिल्याच महिन्यात आलं असं धरलेलं असतं, आणि पुढे पहिल्या वर्षीच हप्ता थकतो.

जागेची किंमत आणि खेळतं भांडवल पात्र खर्चात धरत नाहीत. बांधकाम एकूण पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतच. डाळ मिलला ही अट फार जड जाते. तुरीला तेल-पाणी लावल्यावर ती उन्हात वाळवावी लागते, आणि त्याला सिमेंटचा मोठा ओटा लागतो. 60 लाखांत बांधकामाला 18 लाख मिळतात. त्यात शेड, गोदाम आणि ओटा तिन्ही बसत नाहीत. पावसाळ्यात ओट्याचा उपयोगही नाही. म्हणून ओटा लहान ठेवून ड्रायर यंत्रसामग्रीत घेणं माझ्या मते शहाणपणाचं. मात्र ड्रायर धरला की विजेचा लोड वाढतो, त्यामुळे महावितरणचं कोटेशन अहवाल बनवण्याआधीच काढा.

कागदपत्रांत दोन ठिकाणी प्रस्ताव हमखास अडकतो. पहिलं जागा. सातबाऱ्यावर चार भावांची नावं आणि करार एकट्याने केलेला, असं चालत नाही. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. त्याची मुदत कर्जफेडीच्या मुदतीपेक्षा जास्त हवी. अकरा महिन्यांचा करार बँक बघतही नाही. दुसरं, कंपनीची वार्षिक विवरणपत्रं. लेखापरीक्षण झालेलं असतं, पण एमसीएकडे (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे) विवरणपत्रं भरलेली नसतात, एखाद्या संचालकाची केवायसी राहिलेली असते. दंड भरून ते सगळं सरळ करायला वेळ जातो. संचालकांचे सिबिल अहवालही, म्हणजे त्यांच्या जुन्या कर्जफेडीच्या नोंदी, आधीच काढून घ्या. एका संचालकाचं जुनं थकीत पीक कर्ज सगळ्या कंपनीला भोवतं.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर भरायचा. जिल्हा संसाधन व्यक्ती मदतीला असते आणि तिचं मानधन सरकार देतं, आपण काही द्यायचं नसतं. गटाचा प्रस्ताव राज्याच्या नोडल यंत्रणेकडून तपासून बँकेकडे जातो. कर्जमंजुरीचं पत्र येण्याआधी यंत्राला एक रुपयाही आगाऊ देऊ नका. आधी घेतलेली यंत्रं अनुदानात धरणं कठीण होतं. पुरवठादाराला पैसे बँक थेट देते.

तीन कोटेशन लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती एकाच क्षमतेची आणि सारख्या भागांची हवीत. एकात डिस्टोनर (खडे वेगळे करणारं यंत्र) धरलेला, दुसऱ्यात नाही, असं झालं की तुलना होत नाही आणि बँक प्रस्ताव परत पाठवते.

आता खरा मुद्दा, डाळीचा उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीतून किती किलो डाळ निघते ते. यंत्रवाले सर्रास 75 टक्के सांगतात. लहान मिलला 68 ते 70 धरून हिशेब करा. दिवसाला 20 क्विंटल तूर भरडली, तर 75 टक्क्यांनी 15 क्विंटल डाळ निघते आणि 68 टक्क्यांनी 13.6. महिन्याला 25 दिवस धरले, तर फरक 35 क्विंटलचा. अख्खा नफा एवढ्यात जातो. उतारा का घटतो, तेही समजून घ्या. तूर प्रतवारी न करता घातली, की बारीक दाणा एमरी रोलरमधून (टरफल घासून काढणाऱ्या खरबरीत रोलरमधून) टरफलासकट निसटतो आणि मोठा दाणा तुटतो. ओलावा जास्त असेल, तर टरफल सुटत नाही. रोलर झिजला की पुन्हा तेच. म्हणून ऑर्डर देण्याआधी आपल्या सभासदांचीच दोन क्विंटल तूर कारखान्यात नेऊन समोर भरडून घ्यावी. डाळ, तुकडा, चुणी (बारीक चुरा) आणि टरफल असं चारही वेगळं तोलावं. त्या वजनांचा सही-शिक्क्याचा कागद प्रकल्प अहवालाला जोडला, तर बँकेचा अधिकारी आकड्यांवर विश्वास ठेवतो.

यंत्रापेक्षा मोठी रक्कम तुरीत अडकते. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव 8,000 रुपये क्विंटल आहे. त्या दराने 20 क्विंटलला रोजचे 1 लाख 60 हजार, महिन्याला 40 लाख. हे पैसे अनुदानात नाहीत, मुदत कर्जातही नाहीत. मुदत कर्जासोबतच कॅश क्रेडिटची, म्हणजे माल खरेदीसाठी लागेल तसे पैसे उचलायच्या खात्याची, मर्यादा मागा. मागाहून मागितली तर मिल उभी आणि तूर नाही, अशी गत होते. ताण हलका करण्याचा एक चांगला मार्ग आहे. सभासदांनी तूर बाजार समितीत पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत ठेवावी. किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. ही सोय शेतकऱ्याला आहे, कंपनीला नाही, म्हणून तारण सभासदाच्याच नावावर राहतं. त्याची घरची गरज भागते आणि कंपनी त्याच्याकडून गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने माल उचलते.

मुदत कर्जाला कृषी पायाभूत सुविधा निधीचीही जोड देता येते. 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत, जास्तीत जास्त सात वर्षं. त्याचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर करावा लागतो, तो विसरू नका.

भागीदारीचे करार नुसते 'सहकार्य करू' असे लिहू नयेत. ग्रामसंघासोबतच्या (गावच्या बचत गटांच्या संघासोबतच्या) करारात किलोमागे पॅकिंगचा दर, पाकिटाचं साहित्य कोणाचं, घट कोणाच्या माथी आणि न विकलेली पाकिटं परत घ्यायची की नाही, हे हवं. खरेदीदाराच्या करारात ओलावा, तुकड्याचं प्रमाण, वाहतूक आणि पैसे किती दिवसांत, हे हवं. खरेदीदार तीस दिवसांनी देणार आणि सभासदाला चौथ्या दिवशी द्यायचे, तर मधल्या सव्वीस दिवसांची रक्कम कॅश क्रेडिटमध्ये दिसली पाहिजे. बचत गटाची बाई दिवसभर डाळ निवडते, तिची मजुरी खरेदीदाराच्या देयकावर लटकवू नये. आमच्या करारात ती दर पंधरवड्याला ठरलेली आहे.

बचत गटांना याच योजनेतून सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं, पण ते अन्न प्रक्रियेत असणाऱ्या सभासदांनाच आणि उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) यंत्रणेमार्फत. वजनकाटा, सीलर, छोटी खरेदी यासाठी ते पुरतं. कंपनीच्या प्रकल्पात ते मिसळू नका, हिशेब वेगळे ठेवा.

पाकिटावर लेबल लावलं की कर येतो. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे. सुट्या डाळीचा आणि पाकिटाचा भाव ठरवताना हे धरा. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेचा) परवाना आणि लघुउद्योगाची उद्यम नोंदणी मिल सुरू होण्याआधी हातात हवी, कारण तपासणीला येणारे यंत्रावरचा क्रमांक, बिल आणि परवाना एकत्रच पाहतात. यंत्र बसल्या दिवशीच क्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढून बिलाला जोडा. वर्षभरात डाळीच्या धुळीने ती पट्टी वाचता येत नाही.