पहाटेचं विमान आणि फाट्यावरचं गाव

नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला आहे, वर्धा रोडच्या पश्चिम अंगाला. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी पायपीट वाचते. खेड्यातून निघणारा माणूस अंतर मोजतो ते ‘नागपूर’पर्यंत, आणि त्याच्या हिशेबात नागपूर म्हणजे गणेशपेठचा एसटी स्टँड. त्यामुळे यवतमाळहून आलेली माणसं विमानतळासमोरून बसमध्ये बसून पुढे जातात, गणेशपेठला उतरतात आणि ऑटोला पैसे मोजून त्याच रस्त्याने परत येतात.

वर्धा, यवतमाळ, हिंगणघाट, वणी, चंद्रपूर इकडच्या गाड्या बुटीबोरीवरून येतात आणि खापरी ओलांडून विमानतळाच्या वळणावरूनच शहरात शिरतात. बस डाव्या हाताने येते, म्हणजे उतरवते तीही विमानतळाच्याच बाजूला. रस्ता ओलांडायचं काम नाही. तिकीट काढतानाच कंडक्टरला ‘एअरपोर्ट, प्राइड हॉटेलजवळ’ असं सांगून ठेवा आणि खापरी आली की दाराशी या. डिकीत सामान असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर माणूस खाली आणि बॅग गणेशपेठला. विनावाहक गाडीत मात्र हे जमेलच असं नाही. तिला मध्ये थांबे नसतात आणि ड्रायव्हर थांबवेल की नाही हे त्याच्या मर्जीवर. निघण्याआधी स्टँडवर विचारून घ्या, आणि नाही म्हटलं तर साधी गाडी पकडा. वीस मिनिटं जास्त लागतील, पण उलटा फेरा वाचेल.

भंडाऱ्याकडून येणाऱ्यांनी पारडीला उतरून प्रजापती नगरची मेट्रो धरावी. ती ॲक्वा लाइन. सीताबर्डीला बदलून ऑरेंज लाइनवर यायचं. बदलताना गेटबाहेर पडू नका, तेच तिकीट पुढे चालतं. फक्त फलाट वेगळ्या मजल्यावर आहे, लिफ्ट शोधा. रामटेक, मनसर, कामठीकडचे लोक सगळ्यांत सुखी: ऑटोमोटिव्ह चौकात उतरायचं आणि तिथून ऑरेंज लाइनने न बदलता थेट. गोंदियाकडून रेल्वेने आलात तर नागपूर स्टेशनच्या संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडा, मेट्रोचं स्टेशन त्या अंगाला आहे. वर्ध्याकडून येणारी तुमची रेल्वेगाडी अजनीला थांबत असेल तर तिथेच उतरा, नागपूर स्टेशनपेक्षा विमानतळ अजनीहून जवळ पडतं. अमरावती रोडने येणाऱ्यांना मेट्रो सरळ हाताशी लागत नाही. त्यांनी सीताबर्डी गाठावी, नाहीतर वाडीतूनच कॅब करावी. उमरेड, भिवापूर, नागभीडकडून स्वतःची गाडी आणत असाल तर शहरात शिरूच नका, आऊटर रिंग रोडने वर्धा रोडला या.

मेट्रोत एक फसगत नेहमीची. ऑरेंज लाइनवर ‘एअरपोर्ट’ नाव असलेली तीन स्टेशनं ओळीने येतात: एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ, न्यू एअरपोर्ट. ‘न्यू’ वाचून माणसाला वाटतं नवीन टर्मिनल तिथेच असेल. तसं काही नाही. शहराकडून जाताना पहिलं येणारं, नुसतं ‘एअरपोर्ट’, तेच आपलं. तेही टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. तिथून आत किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि मे महिन्याच्या उन्हात बॅगा ओढत ते चालण्यासारखं नाही. खाली उतरून ऑटो किंवा ई-रिक्षा करा आणि बसण्याआधी भाडं ठरवा.

आता खरी अडचण. मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा. खेड्यातून तालुक्याला येणारी एसटी संध्याकाळीच आटोपते. आणि आखातात जाणारी विमानं सुटतात मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या अंधारात. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. समजा विमान पहाटे साडेचारला आहे. परदेशाच्या विमानाला तीन तास आधी, म्हणजे दीडला दारात. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि बंद झाल्यावर हातापाया पडूनही उघडत नाही. यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीचे तीन तास धरा. साडेदहाला यवतमाळ सोडायचं. गाव यवतमाळपासून चाळीस किलोमीटर आत असेल तर एक तास. पंक्चरसाठी अर्धा तास वेगळा. म्हणजे घर सुटलं रात्री नऊला. देशांतर्गत विमानाला दोन तास आधी पुरे, बाकी हिशेब तोच.

तारखेचा घोळ याहून वाईट. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ०३:५० असेल तर घर सोडायचं ११ तारखेच्या रात्री. १२च्या रात्री बॅगा भरून पोचलेल्या माणसाचं विमान वीस-एकवीस तास आधीच गेलेलं असतं, आणि तिकिटाचे पैसेही बहुतेक गेलेलेच. कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला नाही, घर सोडण्याच्या तारखेला गोल करा.

एवढ्या रात्री स्पेशल गाडी करण्यावाचून गत्यंतर नाही. भाडं येण्या-जाण्याचं लागतं, तुम्ही एकेरी गेलात तरी. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून की वेगळं, हे आदल्या दिवशी साफ करा. ड्रायव्हर दिवसभर दुसऱ्या भाड्यावर होता का, हेही विचारा. हा प्रश्न अनेकांना उद्धट वाटतो. पण परतीच्या वाटेवर, तुम्हाला सोडून झाल्यावर, पहाटे चारला एकटा गाडी चालवणार आहे तो. लग्नसराईत आणि पोळ्याच्या दिवशी ड्रायव्हर मिळत नाही, आठवडाभर आधी सांगून ठेवा.

रस्त्यावर वेळ कुठे जातो ते ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात गावाबाहेरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. वरच्या अंगाला तासभर जोराचा पाऊस झाला की नाल्याला पूर येतो आणि रपट्यावरून पाणी वाहतं. गुडघाभर दिसलं तरी गाडी घालू नका. खालचा कठडा वाहून गेलाय की नाही हे अंधारात कळत नाही. अशा गावाने पावसाळ्यात सरळ दुपारच्या एसटीने निघून नागपुरात रात्र काढावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन आणि कापसाच्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. जंगलपट्ट्यात वर्षभर रोही (नीलगाय) आणि रानडुकरं. रोही एकटा क्वचितच असतो. एक आडवा गेला की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरा येतोच.

बुलडाणा-वाशीमकडच्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा. मेहकर, मालेगाव, कारंजा या भागातून चढायचं आणि नागपूरजवळ शिवमडक्याला उतरून मिहानच्या बाजूने वर्धा रोड गाठायचा. मोटारसायकल आणि ऑटोला तिथे बंदी आहे, तेव्हा फाट्यापर्यंत सोडायला येणाऱ्या भाच्याने दुचाकी वर चढवू नये. कारला १२०ची मर्यादा. गावात वर्षभर खड्ड्यांतून चालणारी गाडी अचानक तासभर त्या वेगाने पळवली तर कमी हवेचा टायर तापतो, बाजूने फुगतो आणि फुटतो. चढण्याआधी हवा तपासा, टायर थंड असताना. टाकीही बाहेरच भरा.

सामान गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारण १५ किलो खाली, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत, आणि ७ किलो हातात. परदेशाचं तिकिटावर लिहिलेलं असतं. एकच बॅग ३२ किलोंच्या वर गेली तर जास्तीचे पैसे भरूनही घेत नाहीत, दोन करा. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, ठेचाही त्यात घालून वाद वाढवू नका. दोन्ही खालच्या बॅगेत. वर हवेचा दाब कमी झाला की बरणीतली हवा फुगते आणि तेल आट्यांतून बाहेर येतं, मग लुगड्यांसकट सगळं लाल. झाकणाखाली जाड पन्नी, वरून टेप, मग दोन पिशव्या, आणि बरणी बॅगेच्या मधोमध कपड्यांत उभी. सुकं खोबरं तेलकट असल्याने पेट घेऊ शकतं, म्हणून खालच्या बॅगेतून काढून टाकायला लावतात. पॉवर बँक उलट: ती हातातच, खाली नाही.

आखातात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जीवावरच्या. खसखस तिकडे अंमली पदार्थांत मोडते, आणि आईने डिंकाच्या लाडवात किंवा काळ्या मसाल्यात घातलेली खसखस मुलाला ठाऊकही नसते. घरात विचारा. दुसरा खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. खिशातली पन्नी नागपुरातच टाकून द्या. आणि पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का असलेला, दहावी न झालेला माणूस नोकरीसाठी जात असेल तर परदेशगमनाची सरकारी मंजुरी आधी हवी. ती नसेल तर इमिग्रेशनवरून परत फिरवतात.

नागपुरातून शारजा आणि दोहा सोडता बाहेरचा पर्याय फारसा नाही, म्हणून पुष्कळ जण मुंबईहून जातात. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून निघून भंडारा रोड, नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव करत सकाळी सातच्या सुमारास मुंबई सीएसएमटीला लावते. तिथून पूर्वी बॅगा घेऊन बहुतेकांना टॅक्सीच करावी लागे. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्यामुळे सीएसएमटी मेट्रोहून थेट टर्मिनल २चं स्टेशन गाठता येतं. इथेही टर्मिनल १चं स्टेशन आधी लागतं, घाईने उतरू नका. ठाण्याला उतरलात तर लोकलने घाटकोपर, मेट्रो १ने मरोळ नाका, आणि तिथे मेट्रो ३ धरून एकच स्टेशन. ऐकायला लांब वाटतं, पण सकाळच्या रहदारीत टॅक्सीपेक्षा भरवशाचं.

मात्र त्या दिवशी दुपारनंतरचंच विमान घ्या. पावसाळ्यात थळ घाटात दरड आली किंवा कुर्ला-शीव भागात रुळावर पाणी चढलं की सात वाजताची गाडी केव्हा पोचेल सांगता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस आधीची गाडी धरा. नागपूर-मुंबई विमानाने जाऊन पुढे परदेशी जाणार असाल तर दोन्ही एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी काढली की मुंबईत बॅग स्वतः उचलावी लागते, कधी टर्मिनल बदलावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही.

परतीचं लोक मनावर घेत नाहीत. आखातातून येणाऱ्याचं भारतातलं सिम बहुतेक बंद पडलेलं असतं, आणि विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागतो, तो त्याच सिमवर येतो. घरच्यांनी उतरण्याच्या आदल्या दिवशी त्या नंबरावर रिचार्ज मारावं, आणि ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवायला सांगावं. घ्यायला आलेली गाडी दारात उभी राहू देत नाहीत. बॅगा हातात आल्याचा फोन आला की मगच आत यावं. गाडी ठरवलेली नसेल आणि रात्री दोनला उतरलात तर उजाडेपर्यंत बाहेर पडण्याची घाई करू नका, एकदा बाहेर आलात की तिकिटाशिवाय परत आत घेत नाहीत. वर्धा-यवतमाळकडे जाणारी सकाळची एसटी विमानतळासमोरूनच जाते, पण आता ती रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने. सिग्नलवर ओलांडा, दुभाजकावरून बॅगा उचलू नका. दोन मोठ्या बॅगा असतील तर मात्र गणेशपेठलाच जा. तिथे बस सुटण्याआधी डिकी उघडून मिळते. रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या भरलेल्या गाडीत ड्रायव्हर खाली उतरून डिकी उघडेलच असं नाही.