हिजिकाताचा ‘ओरे’ आणि ओकिताचा ‘बोकु’

आज सकाळी ‘हाकुओकी’ हा ओतोमे गेम (मुली-स्त्रियांसाठी केलेला प्रेमकथेचा जपानी व्हिडिओ गेम) पुन्हा खेळायला घेतला आणि दिवेलागणीपर्यंत मी मनाने क्योतोमध्येच होते. वडिलांच्या शोधात मुलाच्या वेशात निघालेली चिझुरू शिन्सेन्गुमी या क्योतोतल्या सामुराई पथकाच्या हाती सापडते, तो सुरुवातीचा प्रसंग मला दर वेळी तितकाच धरून ठेवतो. हा गेम जपानमध्ये 2008 साली आला आणि त्याची इंग्रजी आवृत्ती 2012 साली. ओतोमे गेमची सुरुवात मात्र 1994 सालच्या ‘अँजेलिक’पासून झाली, आणि तो घडवण्यात स्त्रियांचा पुढाकार होता, हे मला फार मोलाचे वाटते.

इंग्रजी आवृत्तीत मजकूर तेवढा बदलतो, संवाद मूळ जपानी कलाकारांच्याच आवाजात राहतात. त्यामुळेच आज कानांनी एक गोष्ट टिपली: त्या पथकातला हिजिकाता ‘मी’ म्हणताना ‘ओरे’ म्हणतो, तर त्याचा सोबती ओकिता ‘बोकु’, एकात रांगडा अधिकार आहे, दुसऱ्यात पोरसवदा मृदुपणा, आणि पडद्यावर मात्र दोघांसाठी इंग्रजीचा एकच शब्द उमटतो. मराठीतही ‘मी’ एकच आहे, पण आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आहेत. हिजिकाता चिझुरूला पहिल्यापासून ‘तू’ म्हणेल आणि ती, कितीही जवळीक झाली तरी, ‘तुम्ही’ सोडणार नाही, अशी माझी खात्री आहे. जेवण झाल्यावर त्या दोघांचे पंधरा संवाद मी वहीत मराठीत उतरवले. उद्या ओकिताचा प्रसंग घेणार आहे.